ग्रुपमध्ये नाव घातलं, तरी मेक इन्स्टॉल अडतंय?

तुमची अडचण मला समजली ती अशी: डेबियन लिनक्सवर जकार्ड (कापडात विणायच्या नक्षीच्या) डिझाइनचा एक प्रोग्रॅम सोर्समधून बांधताय. कॉन्फिगर झालं, मेक झालं, आणि तयार प्रोग्रॅम जागेवर बसवणाऱ्या मेक इन्स्टॉलला 'परमिशन डिनाइड'. /यूएसआर/लोकल/बिनचा ग्रुप 'स्टाफ' आहे, ग्रुपला लिहायची परवानगीही दिसते, म्हणून तुम्ही स्वतःला स्टाफमध्ये घातलंत. तरी तेच.

घातलंत ते बरोबर घातलंत, पण तुमच्या टर्मिनलला त्याचा पत्ता नाही. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी हातात पडते, आणि त्या सेशनमधून पुढे जे जे सुरू होतं ते तीच यादी घेऊन चालतं. नंतर /ईटीसी/ग्रुप फाइलमध्ये नाव चढलं तरी चालू शेलकडे, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमकडे, यादी जुनीच. पडताळायचं तर आधी नुसतं 'आयडी' द्या, मग 'आयडी' आणि पुढे तुमचं युजरनेम. पहिल्यात चालू शेलचे ग्रुप दिसतात, दुसऱ्यात फाइलमधले. दुसऱ्यात स्टाफ आहे आणि पहिल्यात नाही, असंच निघेल बघा.

लॉगआउट करून परत या. नुसती नवी खिडकी उघडून भागत नाही, ती जुन्याच सेशनमधून निघते. टीमक्स (टर्मिनलची सेशनं मागे चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर तोही बंद करा, नाहीतर आतले शेल जुनीच यादी घेऊन बसतात. घाई असेल तर 'न्यूजीआरपी स्टाफ' द्या, त्या एका शेलपुरतं काम होतं. लॉगआउट करूनही फरक पडला नाही तर सरळ रिबूट करा. सिस्टमडी, म्हणजे मशिनवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम, त्याचा युजर मॅनेजर कधीकधी मागे जिवंत राहतो.

आता स्टाफमध्ये नाव घालताना यूजरमॉड ही कमांड नेमकी कशी दिलीत ते आठवा. लहान 'ए' आणि कॅपिटल 'जी', दोन्ही पाहिजेत. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याची मशिनं बघायचो. मे महिन्यातली दुपार, खोलीत पंखा गरम हवाच फिरवतोय, आणि मी 'ए' विसरलो. नुसत्या 'जी'ने बाकीचे सगळे जादा ग्रुप पुसले जातात, सुडोसकट, म्हणजे रूटच्या (मुख्य अ‍ॅडमिनच्या) अधिकाराने कमांड चालवू देणारा ग्रुपही जातो. ते उबंटू होतं, रूटचा पासवर्ड ठेवलेलाच नव्हता. शेवटी रिकव्हरी मोडमधून रूट शेल घेतला, डिस्क लिहिण्याजोगी रीमाउंट केली आणि स्वतःला परत सुडोत घातलं. मालक दारात उभे राहून विचारत होते, "झालं का?"

खरं विचाराल तर स्टाफची भानगड तुम्हाला नकोच होती. बांधणी स्वतःच्या नावाने करायची आणि शेवटचं मेक इन्स्टॉल तेवढं सुडोने. /यूएसआर/लोकल/बिन हे पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत, /यूएसआर/बिनच्या आधी येतं, म्हणजे तिथे लिहू शकणारा माणूस 'एलएस' या रोजच्या कमांडच्या नावाची स्वतःची फाइल ठेवून सगळ्यांना फसवू शकतो. कारखान्याच्या सामाईक मशिनवर असा ग्रुप मी कुणाला देत नाही. सुडो नसेल तर कॉन्फिगरला प्रीफिक्स म्हणून होममधली .लोकल डिरेक्टरी द्या, आणि तिच्यातली बिन पाथमध्ये आहे का तेवढं बघा.

मेकसुद्धा सुडोने केलं असेल तर सोर्सच्या डिरेक्टरीत रूटच्या मालकीच्या फाइली पडल्या असतील आणि पुढचं साधं मेक त्यांच्यावर अडेल. ती डिरेक्टरी सीएच-ओन या मालक बदलायच्या कमांडने, रिकर्सिव्ह (आतल्या सगळ्यासकट) करून, परत आपल्या नावावर घ्या. ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, कुठेही मारू नका, /यूएसआरमध्ये तर नाहीच.

आणि पुढे कधी 'इनव्हॅलिड ग्रुप व्हील' असा एरर आला तर ते दुखणं वेगळं. बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या घराण्याकडून आलेल्या मेकफाइलमध्ये (मेकसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) व्हील ग्रुप लिहिलेला असतो आणि डेबियनवर तो मुळातच नसतो. तिथे व्हीलच्या जागी रूट लिहा.

यातूनही नाही सुटलं तर 'नेमआय', पुढे 'एल' पर्याय आणि पूर्ण पाथ देऊन बघा. मुळापासून एकेका डिरेक्टरीचा मालक, ग्रुप आणि परवानगी ओळीने दिसते. कुठल्या पायरीवर अडलंय ते कळलं की ती ओळ मला पाठवा.