थर वाळवंटातली धूळ: वाचकांचे प्रश्न

जैसलमेरला बदली झाली आहे. खिडक्या बंद ठेवूनही संध्याकाळपर्यंत ओट्यावर धुळीचा थर असतो. काय करावं?

उन्हाळ्यात थर वाळवंटातला वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो आणि ऊन चढेल तसा जोर धरतो. त्या बाजूच्या खिडक्या एप्रिल ते जून चिकटपट्टी लावून बंदच ठेवा. घर मोकळं करायचं ते पहाटे, वारा पडलेला असताना आणि दुसऱ्या बाजूने. सरकत्या खिडकीत धूळ शिरते ती दोन तावदानांमधल्या फटीतून. तिथली केसाळ पट्टी झिजली की बदला. हा खर्च किरकोळ, फरक मोठा. खालच्या खाचेतली पाणी जाण्याची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर पावसाचं पाणी घरात येईल. दाराखाली रबरी पट्टी लावा.

कोरड्या झाडूने उडालेली धूळ थोड्या वेळात पुन्हा खाली बसते. जाड थरावर थेट ओलं फडकं फिरवलं तर चिखल होतो. म्हणून आधी व्हॅक्यूमने थर उचला, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पंख्यापासून फरशीपर्यंत वरून खाली पुसत या. काच आणि चष्मा कोरडा कधीच पुसू नका. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोहस मापावर 7, काचेची साधारण 5.5; चरे पडणारच. चष्मा आधी नळाखाली धरा, तावदानावरची धूळ मऊ ब्रशने झाडा, मग पुसा.

जोधपूरला गच्चीवर सोलर पॅनेल आहेत. बोअरच्या पाण्याने धुतले तर चालेल?

पाणी खारं असेल तर नको. वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट. आरओचं वाया जाणारं पाणी तर त्याहून वाईट, त्यात क्षार दाटलेले असतात. राजस्थानातल्याच भडल्याच्या मोठ्या सौर प्रकल्पात पाण्याविना चालणारे सफाई रोबो वापरतात. घरी लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरतो. दव पडलं की धूळ काचेवर लिंपली जाते, तेव्हा मात्र थोडं गोडं पाणी लागतं. पॅनेल सकाळी लवकर धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. खालची कड नीट बघा. घसरलेली धूळ तिथे साचून सेलची शेवटची ओळ झाकते आणि एवढ्याशा पट्ट्यामुळे पूर्ण पॅनेलचं उत्पादन बरंच घटतं.

गाडी चालवताना आंधी (धुळीचं वादळ) आली तर?

रस्त्यावर थांबू नका. गाडी डांबरापासून शक्य तितकी दूर उतरवा, हँडब्रेक लावा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरून पाय काढा. लाल दिवा दिसला की मागचा चालक तोच रस्ता समजून तुमच्यावर येतो.

मुलाला दमा आहे. ओला रुमाल पुरेल का?

नाही. रुमाल जाडी वाळू अडवतो, पण त्रास देते ती 10 मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ, आणि ती आत जाते. त्याला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 मास्क हवा. तो मोठ्यांच्या मापाचा असेल तर गालापाशी फट राहते. रोजचा इन्हेलर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका, तातडीचा दप्तरात ठेवा. आंधीत कूलर बंद करा. तो बाहेरची हवा ओढतो आणि पॅड सगळी धूळ अडवत नाहीत.