एकच शिंपी, तीन प्रारूपे

प्रश्न : मी व्यवसायोपचाराची, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचारशास्त्राची, विद्यार्थिनी आहे. पक्षाघातानंतर उजव्या हातात बरीच ताकद परत येऊनही शिवणयंत्राकडे न फिरकणाऱ्या एका शिंप्याचा अभ्यास मला करायचा आहे. त्यासाठी प्रारूप, म्हणजे रुग्णाकडे पाहण्याची वैचारिक चौकट, निवडायची आहे. अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ किलहॉफनर यांचे प्रारूप, कॅनडाचे प्रारूप आणि नदीच्या रूपकावर आधारलेले ‘कावा’ प्रारूप यांपैकी कोणते निवडावे? मला तिन्ही सारखीच वाटतात.

उत्तर : ती सारखी वाटतात, कारण माणूस, त्याचे काम आणि त्याचा भोवताल यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे तिन्हींना मान्य आहे. फरक आहे तो पहिला प्रश्न कोणता विचारायचा यात.

हात चालतो, पण काम होत नाही, हे आपल्यापुढचे कोडे असल्याने मी सुरुवात १९८० मध्ये मांडल्या गेलेल्या किलहॉफनर यांच्या प्रारूपापासून करीन. त्यात कार्यक्षमता आणि परिसर यांच्याबरोबरच प्रेरणा आणि सवयी यांचाही स्वतंत्र विचार आहे. ‘टीप वाकडी गेली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?’ असे तो म्हणत असेल, तर उणीव स्नायूंत नसून ‘मला जमेल’ या विश्वासात आहे. सकाळी दुकान उघडण्याची घडीच आजारपणात मोडली असेल, तर उपाय वेगळा करावा लागेल.

मात्र आपण ‘न फिरकणाऱ्या’ असे लिहिता, त्यात त्याने फिरकावे हे आपण गृहीतच धरले आहे. कॅनडाच्या प्रारूपावर आधारलेल्या, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात अडचणी रुग्णच सांगतो, त्यांचे महत्त्व तोच ठरवतो आणि आपण ते काम कसे करतो व त्यावर किती समाधानी आहोत, याला १ ते १० असे वेगवेगळे गुण देतो. कदाचित त्याला सदऱ्याची बटणे स्वतः लावता येणे अधिक मोलाचे वाटत असेल.

मायकल इवामा यांचे कावा प्रारूप आयुष्याकडे नदी म्हणून पाहते : पाणी म्हणजे जीवनप्रवाह, खडक म्हणजे अडचणी, तळ आणि काठ म्हणजे भोवताल, आणि वाहती लाकडे म्हणजे कधी साथ देणारे, कधी अडवणारे गुण व साधने. दुकान आता मुलगा चालवत असेल, तर तो खडक की काठ, हे शिंप्यानेच चित्रात दाखवावे. नदीचे रूपक त्याला रुचत नसेल, तर ते लादू नये.

पक्षाघातामुळे त्याच्या बोलण्यावरही परिणाम झाला असेल, तर कॅनडाच्या मापनातील गुण देण्याची मुलाखत अवघड जाते. अशा वेळी किलहॉफनर यांच्या परंपरेतील, निरीक्षणातून प्रेरणा जोखणारी प्रश्नावली अधिक उपयोगी पडते.