आण्णांना ताटातलं दिसेना, मग पुण्याला जाऊन ओसीटी करू का?

प्रश्न : डॉक्टर, आमचे आण्णा ६७ वर्षांचे, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. वर्षभरापासून सारखे मागच्या मागे पडतात, जेवताना शेंगाचटणी अंगावर सांडते, जिना उतरताना पायरी चुकते. चष्मा बदलून बघितला, फरक शून्य. आता मेंदूच्या डॉक्टरांनी पीएसपी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हा मेंदूचा आजार सांगितलाय. पाहुणे म्हणतात पुण्याला जाऊन ओसीटी करा, त्यात आजार पक्का कळतो. जाऊ का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, नुसत्या ओसीटीसाठी पुण्याला अजिबात जाऊ नका. ओसीटी म्हणजे उजेडाचा स्कॅन, डोळ्याच्या पडद्याचे थर किती जाड ते मोजतो, दुखत-बिखत काही नाही. पीएसपीत पडदा थोडा पातळ झालेला काही अभ्यासांत दिसलाय हे खरंय, पण तसा तो पार्किन्सनमध्येही होतो आणि काचबिंदूतही, मग त्यावरून आजार पक्का कसा करणार? काचबिंदू किंवा पडद्याचा दुसरा काही त्रास आहे का एवढं बघायला ठीक, पण मग ते सोलापुरातच करा की.

खरी खूण नजरेच्या हालचालीत असते. डॉक्टर एक बोट कपाळासमोर, एक हनुवटीजवळ धरतात आणि म्हणतात वर बघा, आता खाली बघा. आपली नजर पटकन उडी मारते, यांची रखडत जाते आणि पुढे पुढे जातच नाही. पण समोर एकटक बघायला सांगून डोकं हळूच मागं केलं की तेच डोळे खोबणीत खाली सरकतात! म्हणजे डोळ्याचे स्नायू धड आहेत, बिघाड वर मेंदूत. १९६४ साली टोरांटोच्या तीन डॉक्टरांनी हा आजार सविस्तर मांडला तेव्हापासून ही तपासणी चालत आलीय, आणि तिला मशीनसुद्धा लागत नाही. सोबत एमआरआयमध्ये मध्यमेंदू बारीक झालाय का ते बघतात.

चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर आधी तो बदला, खालच्या भागातून बघायला नजर खाली जायला हवी ना, तीच जात नाहीये. जवळचा चष्मा वेगळा करा, ताट उंच स्टुलावर ठेवा, जिन्यावर एकटं सोडू नका. पापण्या कमी मिटतात म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात, त्यावर डॉक्टरांना विचारून थेंब घाला. आणि पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते पुढच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा, स्कॅनपेक्षा ते जास्त अर्जंट आहे.