विजरईच्या मागे कुठला झेंडा?

प्रश्न : सर, यंदा जत्रेला आमचं मंडळ संभाजीराजांवर नाटक करतंय. फोंड्याच्या किल्ल्याला विजरई (पोर्तुगीज व्हाइसरॉय) वेढा घालतो तो प्रवेश त्यात आहे. नेपथ्यवाल्याने त्याच्या खुर्चीमागे लावायला पोर्तुगिजांचा लाल-हिरवा झेंडा आणलाय. वाड्यावरचे एक आजोबा म्हणतात, हा त्या काळचा नव्हेच. दिग्दर्शक म्हणतात, लोकांना ओळखू आला म्हणजे झालं. कोणाचं ऐकायचं? – एक नट, पेडणे

उत्तर : आजोबांचं. वेढा 1683 चा, झेंडा 1911 चा. म्हणजे तुमचा विजरई सव्वादोनशे वर्षांनंतर शिवलेल्या झेंड्याखाली बसून हुकूम सोडणार! दिग्दर्शकांचंही अगदीच चूक नाही. घराघरांतल्या जुन्या फोटोंत दिसतो तो हाच. पण पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षं होते आणि त्यातली शेवटची पन्नासच काय ती या लाल-हिरव्याची.

तुम्हाला हवाय तो पांढरा. शुभ्र कापड, मधोमध ढाल, ढालीवर मुकुट. पेंटरला एवढं सांगा : ढालीचा मधला भाग पांढरा, त्यात पाच छोट्या निळ्या ढाली क्रूसासारख्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीवर पाच पांढरे ठिपके. सभोवती लाल काठ, काठात सात सोनेरी किल्ले. मुकुट वरून कमानींनी मिटलेला हवा. ढालीमागचा सोनेरी कड्यांचा गोल मात्र काढू द्यायचा नाही. पेंटर मोबाइलवर बघून हमखास तोच काढतो, कारण आजच्या झेंड्यावर तो आहे. बाजूच्या निळ्या ढाली पूर्वी आडव्या, टोकं मध्याकडे वळवलेल्या असत; 1485 मध्ये राजा दुसरा जुआंव याने त्या सरळ उभ्या केल्या. तेव्हा तुमच्या पाचही उभ्याच.

झेंड्याचा विषय निघालाच आहे तर लेखकाला एक सुचवा. फोंड्याहून विजरईला हात हलवत परतावं लागलं आणि नोव्हेंबरात संभाजीराजांनी जुवे बेट घेतलं. तेव्हा घाबरलेल्या विजरईने जुन्या गोव्यात सेंट झेवियरची शवपेटी उघडवून आपल्या अधिकाराचा दंड संताच्या हाती दिला, आता तूच राख म्हणून. असा प्रवेश सोडून तुम्ही लढाईच्या तलवारबाजीत वेळ घालवणार असाल तर तुमची मर्जी.

पुढच्या वर्षी दुसरं नाटक घ्याल, म्हणून थोडं पुढचंही सांगतो. 1510 मधला, गोवा जिंकणारा आल्बुकेर्क दाखवायचा तर झेंडा पांढराच, पण मुकुट वरून उघडा, आणि गलबताच्या शिडांवर लाल क्रूस. 1852 चा दीपाजी राण्यांचा पोर्तुगिजांविरुद्धचा उठाव असेल तर मात्र पांढरा चालणार नाही. पोर्तुगालातल्या भावाभावांच्या यादवीत उदारमतवाद्यांनी 1830 मध्ये निळा-पांढरा झेंडा घेतला, 1834 मध्ये ते जिंकले आणि तो राज्याचा झेंडा झाला. काठीकडचा अर्धा निळा, उरलेला पांढरा, जोडावर मुकुटासह ढाल. याच पक्षाच्या सरकारने नेवऱ्याच्या बेर्नार्दो पेरिश द सिल्वा या गोंयकाराला गोव्याचा प्रमुख नेमलं. 1835 च्या जानेवारीत तो आला, आणि तीन आठवडेही झाले नाहीत तोवर इथल्या लष्कराने त्याला हाकललं. त्याच्यावर नाटक का होत नाही, हे मला कोडंच आहे.

लाल-हिरव्याची गोष्ट तशी घाईची. 5 ऑक्टोबर 1910 ला राजेशाही गेली आणि नव्या सरकारने झेंड्यासाठी पाच जणांची समिती नेमली. त्यात चित्रकार कोलुंबानु बोर्दालु पिन्येयरु होता. निळा-पांढरा ठेवा, फक्त मुकुट काढा, असं कवी गेर्रा जुंकेयरु म्हणत होता, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. हिरवा दोन भाग, लाल तीन भाग, जोडावर तो सोनेरी गोल आणि त्यात जुनी ढाल. रंगसंगती मला कधी आवडली नाही. पण ज्या प्रजासत्ताकाने हा झेंडा आणला त्यानेच गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क दिले, मराठी शाळा निघाल्या, 1912 मध्ये गोविंद पुंडलीक हेगडे देसाईंचं 'भारत' हे वृत्तपत्र सुरू झालं, हेही खरं. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने झेंडा तोच ठेवला आणि हक्क आवळले.

एक गोष्ट पेडणेकर म्हणून लक्षात ठेवा. 1683 मध्ये तुमच्या गावात यातला कुठलाच झेंडा नव्हता. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं 1788 मध्ये, त्याआधी सावंतवाडीकर भोसले. उलट तिरंगा तुमच्या तालुक्यात लवकर आला : सत्याग्रही आल्फ्रेद आफोंसो आणि सोबत्यांनी 15 ऑगस्ट 1954 ला तो तेरेखोलच्या किल्ल्यावर चढवला आणि अटक पत्करली.

प्रश्न : कर्नाटकाने 2018 मध्ये राज्याचा झेंडा जाहीर केला. गोव्याचा का नाही? – एक वाचक, डिचोली

उत्तर : जाहीर केला, पण केंद्राची मान्यता मिळाली नाही. राज्यघटनेत राज्यांच्या वेगळ्या झेंड्याची सोय नाही. जम्मू-काश्मीरला तो होता, 2019 मध्ये गेला. गोव्याला आहे ते बोधचिन्ह, सरकारी कागदाच्या डोक्यावर असतो तो वृक्षदीप. पोर्तुगीज काळातही गोव्याला स्वतःचा झेंडा नव्हता, मुद्रा तेवढी होती. तिच्यात सेंट कॅथरीनचं चाक, कारण आल्बुकेर्कने गोवा घेतला तो 25 नोव्हेंबर, तिच्या सणाचा दिवस. घरच्या डब्यात 1958-59 चं एस्कुद नाणं पडलं असेल तर भिंग लावून बघा, चाक त्यावर सापडेल.