'हायड्रोजन नाही' असं लिहिण्याआधी

सांगली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पीजी ११५९-०३५ या ताऱ्याचा तू काढलेला वर्णपट पाहिला. मेहनत दिसते. पण खाली ठसठशीत अक्षरांत 'हायड्रोजन नाही' लिहिलं आहेस, तिथे मी अडलो. असं कशावरून म्हणतेस? त्याची शोषणरेषा, म्हणजे प्रकाश गिळल्याची काळी खूण, दिसत नाही म्हणून?

हा तारा लाखाच्या वर केल्विन तापलेला. एवढ्या उष्णतेत हायड्रोजनच्या जवळजवळ सगळ्या अणूंचा इलेक्ट्रॉन उडालेला असतो, मग शोषण करणार कोण? त्यात हायड्रोजनची एच-आल्फा रेषा ६५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आणि एकदा आयनित झालेल्या, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या, हेलियमची ६५६० ला. मध्ये जेमतेम तीन अँगस्ट्रॉम, आणि तिथल्या प्रचंड दाबामुळे रेषा फुगून कितीतरी रुंद झालेल्या. हेलियमच्या पदराआड हायड्रोजन सहज लपतो. एच-बीटा या हायड्रोजनच्या पुढच्या रेषेचीही तीच गत. (तू पहिली फसलेली नाहीस. हेलियमच्या याच मालिकेतल्या रेषा खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगला १८९६ मध्ये दिसल्या आणि त्या हायड्रोजनच्याच मानल्या गेल्या. १९१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरनं उलगडा केला.) त्यातून ताऱ्याभोवती तेजोमेघ असेल, तर त्याची चमकरेषा नेमकी तिथेच येऊन बसते. म्हणून 'नाही' लिहू नकोस. 'इतक्या टक्क्यांपेक्षा जास्त नाही' असं लिही, आणि तो आकडा ताऱ्याच्या वातावरणाच्या गणिती मॉडेलमध्ये हायड्रोजन थोडाथोडा वाढवत नेऊन काढ. मॉडेल मात्र स्थानिक औष्णिक समतोल (म्हणजे अणूंची स्थिती फक्त त्या जागेच्या तापमानावर ठरते, हे) गृहीत न धरणारं घे. इतक्या तापलेल्या ताऱ्यात किती अणू आयनित झाले ते तापमानावरून सांगणारं मेघनाद साहांचं समीकरण एकटं पुरत नाही.

या टक्क्यांसाठी एवढं डोकं का खपवायचं, तर पुढचं सगळं त्यावर ठरतं. आज या ताऱ्याच्या पृष्ठावर हेलियम, कार्बन, ऑक्सिजन एकत्र आहेत. शेवटच्या हेलियम-भडक्यात आतलं सगळं ढवळून वर आलं आणि हायड्रोजन जळून गेला, असं आपण मानतो. धनू राशीत जपानी हौशी निरीक्षक साकुराईंना १९९६ मध्ये सापडलेल्या ताऱ्यात तर काही महिन्यांतच हायड्रोजन घटताना दिसला. पुढे ताऱ्यावरून बाहेर वाहणारा कणांचा वारा मंदावला की गुरुत्वाकर्षण निवड करू लागतं. पावसाळ्यात कृष्णेच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवून घागर ठेवली की गाळ तळाशी बसतो ना, तसा कार्बन-ऑक्सिजन खाली जातो आणि हेलियमचा श्वेतबटू, म्हणजे विझत चाललेला छोटा, घट्ट तारा, उरतो. पण थोडासा जरी हायड्रोजन शिल्लक असेल, तर तो सायीसारखा वर येतो आणि तोच तारा पुढे हायड्रोजनचा म्हणून ओळखला जातो!

आता माझी एक फजिती. तुझ्या वयाचा असताना मी अशाच एका वर्णपटाचा कंटिन्युअम, म्हणजे रेषांमागचा सलग प्रकाश, भल्यामोठ्या घाताच्या बहुपदीनं सपाट केला. आलेख इतका गुळगुळीत झाला की मी खूश. नंतर कळलं, ४६५० ते ४६९० अँगस्ट्रॉमच्या आसपासचा कार्बन आणि हेलियमचा रुंद, उथळ खड्डाच मी भरून टाकला होता. म्हणजे ज्या खुणेवरून हे तारे ओळखायचे, तीच पुसली. रस्ता करताना विहीर बुजवावी तसं. तुझ्या आलेखात तो खड्डा मला जरा उथळ वाटतो. तपास.

अतिनील वर्णपटही मागव. लाख केल्विनला सगळ्यात जास्त प्रकाश २९० अँगस्ट्रॉमच्या आसपास पडतो. आपण दृश्य प्रकाशात नुसतं शेपूट बघतो. ९१२ च्या खालचं बहुतेक वाटेतला हायड्रोजन गिळतो, पण फ्यूज या अतिनील अवकाश-दुर्बिणीनं ९०५ पासून पुढचं टिपून ठेवलंय आणि ते सगळ्यांना खुलं आहे.

गणपतीला घरी येशील तेव्हा सपाट न केलेली मूळ फाइल घेऊन ये. दुपारनंतर ये, वीज असली तर. भडंग आणून ठेवतो.

तुझा,
सर