कसबा पेठ हा भाजपचा बालेकिल्ला म्हणतात, मग 2023 ला तो पडला कसा?

बालेकिल्ला खरा, पण त्याला तडे आधीपासून होते.

कसबा (विधानसभा मतदारसंघ क्र. 215) म्हणजे मुठेच्या उजव्या काठचं जुनं पुणं. पश्चिमेला शनिवार, नारायण, सदाशिव या भाजपच्या हक्काच्या पेठा. पूर्वेला रविवार, गंज पेठेकडची मिश्र, दाट वस्ती. निकाल बहुतेक वेळा पूर्वेकडे ठरतो.

भाजपचे गिरीश बापट 1995 ते 2014 सलग पाच वेळा जिंकले, 2019 ला मुक्ता टिळक. पण 1990 ला निवडून आलेले भाजपचे अण्णा जोशी लोकसभेवर गेले, तेव्हाच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात बापटांना हरवून गेले होते. आणि 2009 ला बापटांना मनसेच्या रवींद्र धंगेकरांनी घाम फोडला. फरक सुमारे 8 हजार. तेव्हा काँग्रेसचे रोहित टिळकही जवळपास धंगेकरांइतकीच मतं घेऊन गेले, म्हणजे विरोधी मतं दुभंगली म्हणून जागा वाचली.

2023 ला मुक्ता टिळकांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत तेच धंगेकर काँग्रेसकडून, आघाडी एकत्र, लढत सरळ. मतदान जेमतेम 50 टक्के. भाजपचे हेमंत रासने सुमारे 11 हजारांनी हरले. टिळक घराण्याला तिकीट नाकारल्याची नाराजी होतीच, पण माझ्या मते सरळ लढत हे मोठं कारण. मात्र 2024 ला रासनेंनी सुमारे 19 हजारांनी परतफेड केली.

स्वतः पडताळायचं तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरचा नमुना 20 काढा, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. केंद्र क्रमांक दर निवडणुकीत बदलू शकतात, म्हणून जुळवणी पत्त्यावरून करा. 2009 आधीचे आकडे मात्र शेजारी ठेवू नका, मतदारसंघ पुनर्रचनेत हद्द बदलली आहे.