अमेरिकेतले शिकारी हरणाचं मांस भुकेल्यांसाठी देतात, हे खरं आहे का? आणि ते खाण्याजोगं असतं का?

तुम्ही पुढे असंही विचारलंय, की नको असलेलं मांस गरिबांच्या गळ्यात मारण्याचा हा प्रकार नाही ना. नाही. फक्त दोन बाबतींत तुमची शंका रास्त आहे, त्यांच्याकडे येतो.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. स्वतः बंदूक कधी हातात घेतलेली नाही, पण दर शनिवारी एका चर्चच्या तळघरात मोफत शिधावाटपाला जातो. इथे 1991 पासून 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' हा उपक्रम चालतो. शिकारी हरीण मारून, तिथेच पोट साफ करून, यादीतल्या खाटकाकडे नेतो. खाटीक त्याचा खिमा करून पुडे बांधतो आणि ते फूड बँकेमार्फत, म्हणजे दानाचं अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेमार्फत, आमच्यापर्यंत येतात. मांस कुठेच विकलं जात नाही, कारण रानातल्या हरणाचं मांस विकायला इथे कायद्यानं बंदी आहे. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बेसुमार शिकार होऊन हरणं संपत आली होती, म्हणून ही बंदी. आता उलट झालंय. लांडगे उरले नाहीत, हरणं शेतात आणि रस्त्यावर येतात, त्यामुळे माद्या मारण्याचे वेगळे परवाने निघतात. एका घराला पुरून उरेल इतकं मांस हाती येतं.

आमच्या फळ्यांवर डबाबंद घेवडा, मकरोनी, पीनट बटर भरपूर असतं. मांस आलं की तासाभरात संपतं. एक आजी दर हिवाळ्यात 'हरीण आलं का?' एवढंच विचारते.

आता शंकेची बाजू. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली लागत नाहीत. 2008 साली नॉर्थ डकोटात एका डॉक्टरांनी दान आलेल्या खिम्याचे पुडे तपासले, तर अर्ध्याहून जास्त पुड्यांत धातूचे कण निघाले. राज्याने वाटप थांबवायला सांगितलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला आणि गरोदर बायकांना सर्वांत घातक, आणि आमच्या रांगेत नेमकी हीच मुलं आणि बायका असतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: दानासाठीचं हरीण तांब्याच्या गोळीनं किंवा बाणानं मारलेलं असावं, आणि जखमेभोवतीचं मांस हात राखून न कापता सढळपणे टाकून द्यावं. ओळखीच्या शिकाऱ्यांना मी दरवर्षी हे सांगतो. काहींना राग येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना खंगवून मारणारा मेंदूचा रोग. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोगाच्या पट्ट्यातलं हरीण तपासणीचा निकाल आल्याशिवाय वाटू नये.

या मांसाला चरबी जवळपास नसते, म्हणून तेल थोडं जास्त लागतं. आलं-लसूण, काळा मसाला घालून चांगलं शिजवा, आत 71 अंश सेल्सियसपर्यंत. मी एकदा तसा खिमा करून नेला होता, पातेलं चाटूनपुसून परत आलं.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हे तसंच करता येणार नाही. पण आमचे आजोबा सांगायचे, बंदीच्या आधी कोकणात पारध झाली की वाडीतल्या प्रत्येक घराचा वाटा पडायचा. विधवेच्या घरातून कुणी रानात गेलेलं नसायचं, तरी तिचाही.